भाऊजींच्या फंक्शनची बदली

भाऊजी,

तुमचा लॅपटॉप मी अजून मिटलेला नाही. या घरातली वस्तू वापरून झाली की तिच्या जागी जाते, हे तुमच्याइतकं कोणी सोसलेलं नाही. कात्री खिळ्याला, पेचकस पत्र्याच्या डब्यात आणि चष्मा निदान चष्म्याच्या घरात. पण तो लॅपटॉप तुमच्या टेबलावर तसाच उघडा आहे. धूळ बसू नये म्हणून संध्याकाळी त्यावर धुतलेला पंचा टाकते आणि सकाळी काढते. सुहास मेलबर्नला परत जाण्याआधी म्हणाला, "आई, हा बंद करून कपाटात ठेवू का?" मी म्हटलं, "राहू दे. काकांचं काम अर्धं आहे त्यात."

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत सुहासची मुलं, सई आणि ईशान, तिकडे मेलबर्नला. मधुआजोबा शेवटी शेवटी कशात एवढे गुंतले होते, असं दोघांनी विचारलं. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून क्रमानं लिहून काढते आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात येतील. तुम्ही म्हणाल, "वैनी, हे कायले सांगून राह्यल्या? मले मालूम हाये." असू दे मालूम. आज मधे बोलायचं नाही.

सुहासचे बाबा गेल्यावर वाशीमच्या या घरात आपण दोघंच उरलो. पुढच्या खोल्यांत मी, मागच्या खोलीत तुम्ही. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, तुम्ही तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की तुम्ही सांगत होता, "सवड नाई भेटली." सवड मात्र तुमच्याइतकी मी कोणाजवळ पाहिली नाही. नाहीतर एखादा माणूस साठीनंतर कम्प्युटरची सी भाषा शिकायला बसतो का, आणि तीही कुठलं काम अडलेलं नसताना?

प्रोग्राम लिहायला शिकणारा माणूस म्हणे पहिल्यांदा पडद्यावर कुठलातरी नमस्कार उमटवून बघतो. तुम्ही मला कणीक मळता मळता उठवलंत आणि हाताला धरून मागच्या खोलीत नेलंत. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'वैनी, चहा'.

"तोंडानं मागता येत नाही का?"

"तोंडानं तं रोजच मांगतो. हे मशीननं मांगतलं. त्याले नाई म्हनता येत नाई."

त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ते फंक्शन असायचंच. मुलांनो, फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला काम करणारा एक तुकडा. त्याला हाक मारली की तो आपलं काम करतो आणि हाक मारणाऱ्याकडे परत येतो. आजोबांच्या त्या तुकड्याचं नावच 'चहा' होतं. प्रोग्राम विजेच्या बिलाचा असो की रिठदच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याचा, कुठेतरी तो चहा मागणारच. सईला हे सांगायची गरज नाही, ती रोज हेच काम करते. पण ईशान चित्रं काढतो, म्हणून त्याच्यासाठी सांगितलं.

तुमच्या डोक्यात ते खूळ नेमकं केव्हा शिरलं ते मला आठवत नाही. आपण लिहिलेलं फंक्शन मशीन आकड्यांमध्ये बदलतं, मेमरीत एका जागी ठेवतं आणि तिथूनच चालवतं. तुम्हाला प्रश्न पडला, की ते आकडे जसेच्या तसे उचलले, मेमरीत भलत्याच जागी नेऊन ठेवले आणि मशीनला सांगितलं की आता इथून चालव, तर ते चालवेल का?

"पण हे करायचं कशाला?"

"पाहाले."

"पाहून काय होईल?"

"दिसन."

तुम्हीच पुढे म्हणालात, "जिंदगीभर सरकारनं माही बदली केली, वैनी. आज रिसोड, उद्या कारंजा. आता एक बदली मी करून पाहातो."

तुमच्या जुन्या, घरघर करणाऱ्या कम्प्युटरवर ती बदली बिनबोभाट झाली. त्या मशीनला कशाचंच काही वाटत नसे. मेमरीत कुठेही काहीही लिहा आणि तिथून चालवा, ते चालवणारच. मग सुहासनं नवा लॅपटॉप पाठवला. तुम्ही मोठ्या हौसेनं तोच प्रोग्राम त्यावर घातलात आणि तो जागच्या जागी कोसळला. 'सेगमेंटेशन फॉल्ट' असं एकच वाक्य उमटलं, आणि पुढे काही नाही. घरी आलेल्या जावयाचा अपमान व्हावा तसा तुमचा चेहरा झाला होता. दोन दिवस जेवताना तुम्ही त्या लॅपटॉपबद्दल असं बोलत होता, जसं काही त्यानं तुमच्याविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती.

"भेकड हाये हे मशीन. जुनं कसं मर्दावानी चालवे!"

"जुन्याला अक्कल नव्हती असंही असेल."

"वा! म्हंजे आता तुमी बी त्याच्याच बाजूनं."

मी लोणचं घालायला बसले होते तेव्हा तुम्ही आलात. कैऱ्या तुम्हीच फोडून दिल्या होत्या. ते काम तुमचं. मोठ्या अडकित्त्यावर तुमचा हात कसा सरळ पडायचा, एका घावात कोयीसकट दोन भाग. लॅपटॉप पोटाशी धरून तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "हे इंग्रजी वाक्य लांब हाये. तुमी वाचा." तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. पण वाक्य दोन ओळींच्या वर गेलं की ते माझ्या खात्यात, हा आपल्यातला जुना करार. माझे हात मसाल्यात होते, म्हणून तुम्ही पडदा माझ्या नाकासमोर धरलात.

इंटरनेटवर तुम्हाला सापडलेल्या त्या माहितीत लिहिलं होतं ते असं. मशीन आपल्या मेमरीची पानं पाडतं. ज्या पानावर लिहायची मुभा आहे ते पान चालवायची मुभा नाही, आणि जे चालवायचं आहे त्यावर लिहायची मुभा नाही. चोरानं बाहेरून काही खोडसाळ लिहून ठेवलं आणि मशीननं ते आपलंच समजून चालवलं, असं होऊ नये म्हणून हा नियम.

"मंग माह्यासारख्यानं काय कराव?" तुम्ही विचारलंत. "मले तं लिहाचं बी हाये अन् चालवाचं बी हाये."

मी परातीकडे मान हलवली. "हे बघा. आत्ता मी यात कोपरापर्यंत हात घातले आहेत. आत्ता हे कोणी खातं का? नाही. मग बरणी भरायची, तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. त्यानंतर आत हात घालायचा नाही. कोरड्या पळीनं काढायचं आणि खायचं. कालवायची वेळ वेगळी, खायची वेळ वेगळी. तुमच्या मशीनचं म्हणणं तेवढंच आहे."

मी बरणी भरेपर्यंत तुम्ही तिच्याकडे बघत होता. "म्हंजे पह्यले लिहाची मुभा घ्याची. फंक्शन नेऊन ठेवाचं. मंग लिहाची मुभा सोडाची अन् चालवाची घ्याची. दादरा बांधल्यावानी."

"असं त्या पानावर लिहिलंय. मी फक्त वाचून दाखवलं."

"नाई, वैनी. हा नियम मशीनवाल्याईनं नाई केला. हा तुमीच करून पाठवला असन. येवढी शिस्त दुसऱ्या कोनाले सुचतच नाई." आणि एवढं शहाणपणाचं बोलता बोलता तुम्ही बरणीत बोट बुडवलंत.

"भाऊजी! हात ओला आहे!"

दर वर्षी हेच. दर वर्षी मी ओरडायची, तुम्ही बोट चाटत पळायचात, आणि दर वर्षी मी वरचा थर काढून तुमच्यासाठी वेगळ्या वाटीत ठेवायची. लोणचं तुमच्या बोटानं कधीच बिघडलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही. बिघडेल असं मी म्हणत राहिले, कारण म्हटलं नसतं तर तुम्ही बोट बुडवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून जिलबी आणलीत आणि आधी शेजारी ताराबाईंकडे गेलात. ताराबाईंनी पुडा हातात घेतला आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"गुर्जी, कोनाचं लगन जमलं?"

"लगन नाई, ताराबाई. बेरीज जमली."

"कायची बेरीज?"

"दोन अन् तीनची."

"पाच?"

"पाच."

"अन् तेच्यासाठी जलेबी?" ताराबाईंनी दारातूनच मला विचारलं, "म्याडम, गुर्जीले बरं हाये ना?"

तुम्हाला तेव्हा कोण काय म्हणतं याची फिकीर नव्हती. दोन आकड्यांची बेरीज करणारं एक साधं फंक्शन तुम्ही उचललं होतं, नव्या पानावर ठेवलं होतं, दादरा बांधला होता, आणि ते चाललं होतं. मला दाखवताना तुमचा आवाज खाली आला. "पाह्यलं का, वैनी? परक्या जागी नेऊन टाकलं, तरी काम करून वापस बराबर घरी आलं."

"ते कसं काय?"

"बलावनाराच सांगून ठेवते त्याले, काम झालं का या पत्त्यावर वापस ये. पुरा पत्ता. म्हनून कुठं बी नेलं तरी वापसीचा रस्ता चुकत नाई."

त्या दिवशी मला ती यंत्रातली एक बारीकशी गंमत वाटली. जिलबी मात्र छान होती.

मग तुम्ही साध्या बेरजेवरून पुढे गेलात. आता असं फंक्शन उचलायचं, जे आपलं काम करता करता तुमच्या त्या 'चहा'ला हाक मारतं. 'चहा' आपल्या जुन्या जागीच राहणार, हाक मारणारं तेवढं हलवायचं. हलवलंत, आणि पुन्हा सगळं कोसळलं. नियम पाळला होता, दादरा बांधला होता, तरीही. या वेळी तुम्ही चिडला नाहीत. आठवडाभर आकडे छापून भिंगातून बघत बसलात आणि एका सकाळी अंघोळ न करताच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात.

"सापडलं. ते पत्त्यानं हाक मारतच नाई, वैनी. अंतरानं मारते. इथून इतकं मांगं, असं."

मी म्हटलं, "म्हणजे नव्या जागेवरून तेवढंच मागं गेलं की..."

"की तिथं कोनीच नाई."

बरोबर याच सुमाराला सुहासनं माझ्यामागे धोशा लावला होता. आई, तू इकडेच ये, कायमची ये, मुलं तुझ्याशिवाय मोठी झाली. मी नाही म्हणत होते. तुम्ही जा म्हणत होता. रोज चहाच्या वेळी आपलं तेच भांडण.

"जा तुमी. माही काळजी कायले करता? मी बेरजेसारखा हाये. कोनाले हाक मारा लागत नाई मले. कुठं बी चालतो."

"तुम्ही? तुम्हाला टॉवेल सापडत नाही."

"बरं, मंग दाखवतोच."

आणि खरोखरच दाखवायला निघालात. रिठदच्या शेतातल्या आपल्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं ठरवलंत. निघताना माझ्या फडताळाचे फोटो काढलेत, त्याच मापाचे डबे विकत घेतलेत आणि तिकडे त्याच क्रमानं मांडलेत. पहिला डबा साखर, दुसरा चहापत्ती, तिसरा मीठ. इथं जसं आहे तसं तिथं, काही कमी नको. मला व्हिडिओ पाठवलात, आणि तुमची मांडणी बघून मलाच अभिमान वाटला.

मग फोन सुरू झाले.

"वैनी, मोहरी कोंत्या डब्यात असते?"

"डबे तिथं तुम्हीच मांडलेत ना, भाऊजी?"

"हो. ते बी खरंच हाये."

"मग?"

"काई नाई. ठेवतो."

थोड्या वेळानं पुन्हा. "वैनी, आज वार कोंता?" नंतर, "वैनी, वाशीमले पानी आलं का?" वाशीमला पाणी आलं की नाही याच्याशी रिठदच्या माणसाला काय करायचं होतं? महिना भरायच्या आतच दुपारच्या एसटीनं तुम्ही परत आलात, डब्यांची पिशवी खांद्याला लावून. ओट्याशी उभं राहून पाणी प्यायलात. मी आधण ठेवायला घेतलं. तुम्हीच म्हणालात, "दोन डाव आवाज देल्ला बावा मी, चहाले. कोनी ओ नाई देल्ली."

"मग?"

"मंग मीच देल्ली."

आपण दोघंही हसलो. इतके हसलो की ताराबाई भिंतीवरून डोकावल्या. पण हसू ओसरल्यावर तुम्ही तुमच्या खोलीत गेलात, आणि मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघत होता. पडदा काळा होता. लॅपटॉप चालूच केलेला नव्हता.

त्यानंतर तुम्ही मला एकदाही "जा" म्हणाला नाहीत. सगळं भांडण त्या फंक्शनवर आलं. माझं म्हणणं सोपं होतं. फंक्शन बदलीच्या जागी पाठवताना त्याच्या हातात 'चहा'चा पूर्ण पत्ता द्यावा. मग ते कुठेही असो, पत्ता बघून हाक मारेल. तुम्हाला ते मुळीच पसंत नव्हतं.

"हे तं पोराले चिठ्ठी देऊन दुकानात धाडल्यासारखं झालं. त्यानं सोताहून हाक माराले पाह्यजे."

"स्वतःहून मारलेली हाक कोणापर्यंत पोहोचतच नसेल तर?"

"तं आपन अंतर सुधरवून द्याचं. नव्या जागेवरून किती मांगं जा लागते ते मोजाचं, अन् दादरा बांधाच्या आंधी त्याच्यात लिहून टाकाचं. मंग ते पयल्यासारखंच हाक मारन. कोनाले पता बी नाई लागनार का त्याची बदली झाली."

"एवढा खटाटोप? पत्ता दिला की झालं."

"तुमाले तं सगयं लेबल लावूनच पाह्यजे, वैनी."

"आणि तुम्हाला सगळं आपोआप पाहिजे."

हे आपलं शेवटचं भांडण. कोणी जिंकलं नाही. तुम्ही अंतरं मोजायला बसलात, जेवायला उठलात, भाकरीबरोबर नेहमीपेक्षा जास्त लोणचं घेतलंत, मी ते बघितलं. मग "जरासाक पडतो" म्हणून आत गेलात. चहाच्या वेळी हाक आली नाही. मी वाट बघितली, भाऊजी. म्हटलं, झोप लागली असेल, आधण ठेवू या, वासानं उठतील. आधण उकळून अर्धं झालं.

मग सगळं रीतसर झालं. सुहास आला, सगळं नीट केलं. त्यानं तुमच्या अस्थी हातात घेतल्या तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी तुम्ही त्याचा रेडिओ उघडून ठेवलात तेव्हा झाला होता तसा झाला. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाला, "आई, आता तरी चल. आता काय अडचण आहे?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो 'आता' मला लागला. म्हणजे इतकी वर्षं घरात सगळे असंच समजत होते का, की मी जात नव्हते कारण तुमचं करणारं कोणी नव्हतं? की तुम्ही माझी अडचण होता? आणि त्याहून जास्त लागला तो पुढचा विचार. तुम्हीसुद्धा असंच समजत होता का? म्हणून ते रिठद? म्हणून ते "मी बेरजेसारखा हाये"?

हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कधी सांगायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं. मी तुमच्यासाठी थांबले नव्हते, भाऊजी. मला इथे बरं वाटत होतं. सकाळी कोणीतरी आपल्याशी मुद्द्यावर भांडतं, आपलं बोलणं खोडून काढायला संध्याकाळपर्यंत आकडे जमवतं, आपल्या शिस्तीची टिंगल करतं आणि आपलाच नियम मशीनमध्ये सापडला म्हणून जिलबी वाटतं, असं घर म्हातारपणी कोणाला मिळतं? सुहासचे बाबा गेल्यावर मी गप्प होत चालले होते. तुमच्या त्या प्रोग्रामांनी मला बोलतं ठेवलं. तुम्ही चहा मागायचात म्हणून मी दुपारची उठत होते. उपकार कोणाचे कोणावर याचा हिशोब मला लावायचा नाही. पण तुम्ही तो उलटा लावून गेला असाल, तर एवढं दुरुस्त करून घ्या.

सुहास गेला आणि मी तुमच्या टेबलाशी बसले. मला सी येत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगत होता. लिहिता येत नसेल, वाचता येतं. जन्मभर मुलींच्या निबंधांतले स्वल्पविराम शोधले आहेत. तुमच्या प्रोग्राममधले विसरलेले अर्धविराम कोण शोधून देत होतं?

तुमची फाइल मी आधी जशीच्या तशी दुसऱ्या नावानं ठेवली. मूळ कामात हात घालायचा नाही, हा माझा नियम. मग प्रतीमध्ये माझ्या पद्धतीनं बदल केला. हाक मारणाऱ्या फंक्शनला सांगितलं, तुला जाताना एक पत्ता दिला जाईल, त्या पत्त्यावर हाक मार. खाली, ते चालवायच्या ओळीत, 'चहा'चा पत्ता त्याच्या हाती दिला. पहिल्यांदा कम्पाइलच होईना, मशीन त्याचे आकडे करायलाच तयार नाही. अर्धविराम राहिला होता. या वेळी माझा. तुम्ही असता तर हे पेढे वाटून साजरं केलं असतं. तो घातला आणि चालवलं.

नव्या पानावर नेऊन ठेवलेल्या त्या फंक्शननं हाक मारली. जुन्या जागी, जिथं तुम्ही ठेवलं होतं तिथं, 'चहा' होताच. पडद्यावर उमटलं:

वैनी, चहा

आणि फंक्शन परत आलं, प्रोग्राम नीट संपला, काही कोसळलं नाही.

मी "आधण ठेवते" म्हणाले. मोठ्यानं. घरात कोणी नव्हतं.

भांडण मी जिंकले असं समजू नका. सईला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, मधुआजोबांची पद्धतसुद्धा एकदम बरोबर आहे. मोठे प्रोग्राम मेमरीत चढताना असंच होतं. जागा बदलली की आतली अंतरं आणि पत्ते दुरुस्त करून घेतात. त्यासाठी खास वेगळं काम करणारे प्रोग्राम असतात." म्हणजे तुम्ही एकटे बसून भिंगातून जे मोजत होता, ते करणारे प्रोग्राम जगात आधीच आहेत. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "पाहा, त्याईनं बी माह्यासारखंच केलं." तुमची मूळ फाइल मी तशीच ठेवली आहे. ती सईकडे पाठवली. अंतरं तिनं मोजावीत. अर्धविराम मी बघून दिले आहेत.

मुलांनो, आता तुमच्या बाबांना जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको. मी तुमच्याकडे येते आहे. माझ्या फडताळाचे फोटो काढून तिकडे तसे डबे मांडणार नाही. तो प्रयोग आजोबांचा करून झाला आहे. तिकडे साखर कुठे असते ते मी तुम्हाला विचारीन, आणि तुम्ही कंटाळायचं नाही. ताराबाईंचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवला आहे. घराची किल्ली त्यांच्याकडे राहील. त्या म्हणाल्या, "जा म्याडम, पन जास्त दिस राहू नका. भितीवरून कोनाले पाहू मंग मी?"

सुहासला फोन करून सांगितलं, "तिकीट काढ. दोन्ही बाजूंचं."

त्यानं विचारलं, "परतीचं कधीचं काढू, आई?"

"लोणचं मुरेल तेव्हाचं."

या वर्षी कैऱ्या बाजारातूनच फोडून आणल्या, भाऊजी. कोयीचे तुकडे वेडेवाकडे पडले आहेत, तुम्ही नाक मुरडलं असतं. मसाला कालवला, बरणी भरली. बरणीचं तोंड पुसून दादरा बांधायला घेतला, आणि गाठ मारण्याआधी सवयीनं मागे वळून पाहिलं.